हाजरीबाबूची खाली नजर

राजूरच्या कोळशाच्या कॉलरीत अश्वजित मुनेश्वरला नावानं हाक मारणारे थोडेच होते. तो टाइम ऑफिसात बसायचा, खाणीत उतरणाऱ्यांची आणि वर येणाऱ्यांची हजेरी लावायचा, म्हणून सगळ्यांसाठी तो हाजरीबाबू. बारीक अंगाचा, इस्तरीच्या शर्टातला, कमी बोलणारा माणूस. समोरून बाई आली की त्याची नजर खाली जायची. क्वार्टरच्या लाइनीतल्या बाया म्हणत, "हाजरीबाबू लय सोज्वळ. नजर वर करून पाह्यत नाही कोणाकडं." आपापल्या नवऱ्यांना त्या त्याचं उदाहरण द्यायच्या.

हे कानावर आलं की अश्वजितचे कान तापायचे. आपली नजर सभ्यपणानं खाली जात नाही, हे त्याचं त्यालाच माहीत होतं. ती खाली जायची आणि तिथंच थांबायची. वणीच्या बसस्टँडवर लोक येणाऱ्याजाणाऱ्या बायांचे चेहरे पाहायचे, याला पाय दिसायचे. धुळीनं माखलेली टाच, चपलेच्या पट्ट्याखाली उमटलेला गोरा वळ, जोडव्याच्या आत दबलेलं बोट. छातीत काहीतरी हलायचं, आणि लगेच इतकी शरम वाटायची की तो उठून बसचं वेळापत्रक वाचत उभा राहायचा.

हे त्याला पुरतं उमगलं ते नोकरी लागल्यावर, पंचविशीच्या आसपास. मेसमध्ये जेवताना सोबतची बिनलग्नाची पोरं बायांबद्दल बोलायची. कोणाला डोळे आवडायचे, कोणाला केस, कोणी आणखी काही बोलून हसायचा. अश्वजितही हसायचा. एकदा धनसिंग राठोडनं विचारलं, "तुले काय आवडते रे, बाबू?" धनसिंग खाणीतल्या पंपावर होता, आणि राजूरमध्ये अश्वजितला दोस्त म्हणावा असा तो एकच. अश्वजित म्हणाला, "आपल्याले काय, स्वभाव चांगला पाह्यजे." सगळ्यांनी टेबल वाजवलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. जे खरं होतं त्याला त्याच्याजवळ शब्दच नव्हता. शब्द नाही म्हणजे असं दुसऱ्या कोणाला होत नसणार, असं त्यानं धरून टाकलं.

शरमेचं मूळ मात्र आणखी खोल होतं. ते त्याच्या बापापर्यंत जायचं.

बाबाराव मुनेश्वर घाटंजीकडच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या वावरात राबले. तरुणपणी धम्म घेतला आणि त्यानंतर काही गोष्टी घरातून कायमच्या हद्दपार केल्या. त्यातली एक म्हणजे माणसाच्या पाया पडणं. विहारात बुद्धाच्या मूर्तीपुढं वाकायचं, बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडायचे, पण जिवंत माणसाच्या पायाला हात लावायचा नाही. अश्वजित बोर्डिंगात शिकायला निघाला तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "बापाच्या पाया पड ना रे." बाबारावांनी पोराला खांद्याला धरून सरळ उभं केलं. म्हणाले, "माह्या बापानं पाटलाच्या पायावर डोकं ठेवलं तं पाटलानं पाय मागं घेतला. कायले? पाय बाटते म्हणून. पाय चालाले असतेत, पडाले नाही. जय भीम कर अन् नीघ."

अशा बापाचा पोरगा बाईच्या पायापाशी घोटाळत होता. बाबारावांना हे कधी कळलं नाही, पण अश्वजितच्या मनात ते रोज कळत होतं. बापानं जिथून पिढी उठवली, तिथंच आपण मनानं परत जाऊन बसतो, असं त्याला वाटायचं.

लग्न झालं रुपालीशी. तीही घाटंजीकडचीच. बारावीपर्यंत शिकलेली, पण सुट्टीच्या दिवसांत आईबरोबर कापूस वेचायला जायची, डवरणीच्या औतामागं चालायची. चेहऱ्यानं हसरी, बोलायला तिखट. तिचे पाय रुंद होते, टाचांना भेगा होत्या, आणि करंगळी थोडी आत वळलेली. अश्वजितच्या आधी एक स्थळ तिला पाहून गेलं होतं. त्या लोकांनी तिला अंगणात चालायला लावलं होतं, आणि जाता जाता मुलाची आत्या बोलली होती, "तोंड बरं हाये, पण पाय पाह्यले का? वावरातली दिसते." ते वाक्य रुपालीनं आत कुठंतरी ठेवून दिलं होतं. अश्वजितला ते माहीत नव्हतं.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. रविवारची दुपार, कूलर घरघरत होता. रुपाली भिंतीला टेकून बसली होती आणि टाचांना खोबरेल चोळत होती. अश्वजित बराच वेळ पाहत राहिला. मग तिच्यापुढं बसला आणि तिचा पाय त्यानं दोन्ही हातांत घेतला. हलकेच, पाखरू धरावं तसा.

रुपालीनं पाय असा ओढला की तेलाची वाटी कलंडली.

"हे काय करून राह्यले?"

"काही नाही. मले आवडतेत तुहे पाय."

ती त्याच्याकडं पाहतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "थट्टा करता का माही? भेगा हायेत तं हायेत. लग्नाच्या आधी पाहून घ्याचे होते ना."

"थट्टा नाही वं. खरंच..."

"पाय काय आवडाची गोष्ट हाये?"

अश्वजित फडकं आणायला उठला आणि सांडलेलं तेल पुसू लागला. पुढच्या बाजाराला रुपालीनं वणीहून मोज्यांचे जोड आणले. फिक्या बदामी रंगाचे, अंगठा वेगळा असलेले. घरात ती मोजे घालायची, बाहेरही घालायची. मे महिन्यात शेजारणी विचारत, "अवं, एवढ्या उन्हात?" ती सांगायची, "भेगा हायेत. धूळ जाते."

संसार झाला. उर्वशी झाली, शाळेत जाऊ लागली, वर्गात पहिली-दुसरी येऊ लागली. अश्वजित दारू प्यायचा नाही, हात उचलायचा नाही, पगार रुपालीच्या हातात द्यायचा. पण जवळ येण्याच्या वेळी त्याचं मन कुठंतरी अडकलेलं असायचं. बायकोला असल्या गोष्टी लपत नाहीत. नवरा इथं नाही एवढं तिला कळायचं. कुठं आहे, ते कळायचं नाही. कळत नाही तिथं माणूस सगळ्यात सोपं कारण शोधतो. तिला वाटू लागलं, दुसरी कोणी बाई आहे.

उर्वशी शिकायला नागपूरला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा रुपालीनं विषय काढला. दुपारची वेळ होती. ती संभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती, अश्वजित पेपर वाचत होता.

"एक विचारू? खरं सांगसान?"

"विचार ना."

"कोण हाये ते सांगून टाका. मी भांडणार नाही. पोरगी मोठी झाली, आता मले नुसतं माहीत करून घ्याचं हाये."

अश्वजितनं पेपर खाली ठेवला. कोणीच नाही असं तो तीनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदाही तिला ते पटलं नाही. मग त्यानं सांगितलं. अडखळत, जमिनीकडं पाहत. त्या उन्हाळ्यातल्या दुपारी मी थट्टा करत नव्हतो. मला तसंच आहे. का आहे ते मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाकडं मी कधी गेलो नाही. तुझेच पाय होते, आणि ते तू झाकून घेतलेस.

रुपाली ऐकत होती. तिच्या हातातली काडी तशीच राहिली. ओरडेल, हसेल, किळस करेल असं त्याला वाटलं होतं. तसलं काही तिनं केलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "मंग मी कोण?"

"म्हणजे?"

"पायच पाह्यजे होते तं मी कोण? इतक्या वर्षांत माह्या तोंडाकडं कधी पाह्यलं का तुम्ही?"

पाहिलं, असं लगेच म्हणायला हवं होतं. ते खरंही होतं. तिला हसताना गालावर पडणारी खळी त्याला आवडायची, तिचं तिखट बोलणं त्याला दिवसभर पुरायचं. पण वर्षानुवर्षं स्वतःला गुन्हेगार धरलेला माणूस साध्या प्रश्नावरही चाचपडतो. तो क्षणभर गप्प राहिला. तिला तेवढं पुरलं. तिनं संभाराची जुडी उचलली आणि आत गेली. त्या आठवड्यात तिनं आपली गादी उर्वशीच्या खोलीत नेली.

पुढची वर्षं त्या घरात दोन माणसं भाजी, गॅस, उर्वशीचा फोन एवढ्यावर बोलत राहिली. वाईट कोणी कोणाशी वागलं नाही. सकाळी डबा तयार असायचा, संध्याकाळी चहा. सिमेंटच्या जाळीतून कोळशाची बारीक भुकटी घरात यायची. एका खोलीतली तिनं पुसायची, दुसरीतली त्यानं.

अश्वजितच्या हातात स्मार्टफोन आला तसा तो शोधू लागला. पहिल्यांदा जे दिसलं ते पाहून त्यानं फोन पालथा घातला. पैशासाठी केलेले ओंगळ व्हिडिओ, आणि खाली हजारो लोकांचे विनोद. पण त्या विनोदांतूनच त्याला कळलं की असं असणारे लोक जगात आहेत, पुष्कळ आहेत, आणि डॉक्टरी पुस्तकात या गोष्टीला नाव आहे. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एवढ्या लोकांत एकही जण समोर बसून चहा पिता पिता बोलण्यासारखा नव्हता.

दाढ दाखवायची आहे असं रुपालीला सांगून तो एक दिवस यवतमाळला गेला, एका मनोविकार डॉक्टरांकडं. डॉक्टर साकेत वयानं त्याच्या पुतण्यासारखे. अश्वजितनं आधी झोप येत नाही म्हणून सांगितलं. मग ब्लडप्रेशरबद्दल विचारलं. डॉक्टर पेन बाजूला ठेवून म्हणाले, "काका, बाहेर गर्दी नाही. जे सांगायला आलात ते सांगा."

त्यानं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, दचकलेही नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणाला जबरदस्ती केली? कोणाला न विचारता हात लावला?"

"नाही. बायकोचा पाय एकदा हातात घेतला होता. तिनं ओढला, सोडून देला."

"मग पहिली गोष्ट ही, की हा आजार नाही. माणसाच्या ओढीची ही एक तऱ्हा आहे. शरीराच्या ज्या भागाचा तसा या गोष्टीशी संबंध नाही, अशा भागाकडं ओढ असलेले जे लोक पाहणीत सापडतात, त्यांत पायवालेच सगळ्यात जास्त. तुमचा त्रास पायापेक्षा त्या लपवण्यात जास्त दिसतो मला."

"पण मलेच काहून झालं असं?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "खरं सांगायचं तर पक्कं कोणालाच माहीत नाही. अंदाज आहेत. एक अंदाज मेंदूचा. आपल्या मेंदूच्या वरच्या भागात सगळ्या शरीराच्या स्पर्शाचा एक नकाशा असतो. हाताची जागा ठरलेली, ओठांची ठरलेली. त्या नकाशात पायाची जागा आणि गुप्तांगाची जागा शेजारी शेजारी आहे, असं मानतात. पाय कापावा लागलेल्या काही लोकांना संबंधाच्या वेळी नसलेल्या पायात संवेदना जाणवली, अशा नोंदी आहेत. त्यावरून काही शास्त्रज्ञ म्हणाले, शेजारच्या दोन जागांत काही तारा एकमेकींत गेल्या असतील. ऐकायला छान वाटतं, पण सिद्ध झालेलं नाही."

"अन् दुसरा?"

"दुसरा सवयीचा. मनात एखादी गोष्ट आणि सुखाची भावना केव्हातरी एकत्र आली, की पुढं ती जोडी घट्ट होत जाते. केव्हा आली हे माणसाला आठवतही नाही. जुन्या काळच्या मनोविश्लेषकांनी याचे फार गूढ अर्थ लावले होते, ते आज कोणी फारसे धरत नाही. तिसरं म्हणजे आपला समाज. पायाला आपण साधं ठेवलंय कुठं? एका पायावर डोकं ठेवायचं, दुसरा लागला की विटाळ मानायचा. नवरीच्या पायाला जोडवी, पैंजण. ज्या गोष्टीभोवती एवढा मान आणि एवढी लाज, तिथं मन घुटमळायचंच. चीनमध्ये तर शेकडो वर्षं मुलींचे पाय बांधून लहान ठेवत, आणि त्यालाच सौंदर्य म्हणत. इतका त्रास देऊन."

यावर अश्वजितनं बाबारावांचं सांगितलं. पाटलानं मागं घेतलेला पाय, खांद्याला धरून उभं करणारा बाप, सगळं. "मले वाटते डॉक्टरसाहेब, मी बापाचं नाव खाली घातलं."

डॉक्टरांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "तुमच्या वडलांनी नाही म्हटलं ते लाचारीला. तुम्ही बायकोचा पाय हातात घेतला तेव्हा लाचार होतात का?"

"नाही."

"मग दोन्हींची गाठ कशाला मारता? घरी बोला. जमलं तर दोघं या."

एसटीनं परत येताना अश्वजित खिडकीशी बसला होता. कापूस वेचून झालेली शेतं मागं जात होती. कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच उभ्या. आपण एकटे नव्हतो हे आता त्याला कळलं होतं. पण इतकी वर्षं एकटेपणा तर झालाच होता, तो कोणत्या नकाशात दाखवायचा? घरी गेल्यावर रुपालीनं विचारलं, "काढली का दाढ?" तो म्हणाला, "गोळ्या देल्या." शेजारी शेजारी असलेल्या जागांचं तो सांगणार होता. आज सांगू, उद्या सांगू असं करत पुढची दिवाळीही गेली.

रुपालीला शुगर होतीच. गोळ्या घ्यायची, गोडही खायची. तिच्या तळपायांना गेलं वर्षभर मुंग्या येत होत्या आणि मग मुंग्याही येईनाशा झाल्या. तिनं कोणाला सांगितलं नाही. पायाबद्दल त्या घरात बोलायचंच नाही, असं ठरून गेलं होतं. चपलेच्या तळाला एक तुटका खिळा रुतला होता, त्याचं टोक वर येऊन मोज्यातून पायात जात होतं. तिला कळलं नाही. जखम झाली, तेही कळलं नाही. मोजा ओला व्हायचा, ती घाम समजून बदलायची. घरात वास येऊ लागला तेव्हा दोघांनी दोन दिवस मेलेला उंदीर शोधला. मग तिला ताप भरला, आणि अश्वजितनं तिला न विचारता मोजा काढला.

नागपूरच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. वळलेली करंगळी आणि तिच्या शेजारचं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "शुगरच्या पेशंटचे पाय रोज बघायचे असतात. घरात यांचे पाय कोण बघतं?"

रुपाली छताकडं पाहत होती, अश्वजित फरशीकडं. उर्वशी दोघांकडं आळीपाळीनं पाहत राहिली.

घरी आल्यावर ड्रेसिंग रोजचं झालं. गावातली नर्स पहिले काही दिवस आली, तिनं अश्वजितला शिकवलं. कोमट सलाइननं धुवायचं, कापसानं टिपायचं, मलम लावायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. सकाळच्या उन्हात व्हरांड्यात रुपाली खुर्चीवर बसायची आणि तो खाली पाटावर. येणारे-जाणारे पाहायचे.

नर्सशिवाय करायचा पहिला दिवस आला तेव्हा त्यानं कोमट सलाइन दोनदा मनगटावर घेऊन पाहिलं. रुपाली खूप वेळ त्याच्या डोक्याकडं पाहत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "आता कसं वाटते तुम्हाले?"

ती काय विचारते आहे हे त्याला कळलं. त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "काहीच नाही वाटत. भेव वाटते. दुखलं तं?"

"दुखत नाही. मले तुमचा हातच समजत नाही."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस नाही आला म्हणतात तसं सांगितलं. अश्वजितनं पट्टी गुंडाळली, चिकटपट्टी लावली, तांब्या-तसराळं आत नेलं, आणि मोरीत नळ मोठा सोडून रडला. जो हात तिनं एवढी वर्षं लागू दिला नाही तो आता लागत होता, आणि तिच्या पायापर्यंत पोचत नव्हता.

पण त्या पाटावर बसल्यामुळं बोलणं सुरू झालं. मान खाली घालून काम करत असलं की माणसाला बोलता येतं. त्यानं दाढेची थाप कबूल केली, यवतमाळच्या डॉक्टरांचं सांगितलं. मेंदूतल्या नकाशाचं, तारा एकमेकींत गेल्याचं. रुपालीनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे डोक्यात क्वार्टरची लाइन हाये म्हणा."

"तसंच काहीसं."

"अन् तुमच्या दोन क्वार्टरातली भिंत पातळ. इकडचा रेडिओ तिकडं ऐकू येते." ती हसली. कितीतरी वर्षांनी त्याच्यासमोर मोकळं हसली. मग हसणं ओसरल्यावर म्हणाली, "एवढंच होतं तं मले त्या टायमाले समजावून सांगाचं होतं ना."

"मलेच कुठं माहीत होतं?"

"मी तं समजली, मले हिणवून राह्यले. पहिल्या स्थळाच्या आत्यासारखं." आणि तिनं ती आत्या, ते अंगणातलं चालणं पहिल्यांदा त्याला सांगितलं. अश्वजित हातातला कापूस तसाच धरून बसला. तिच्या मनात काय होतं हे त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा त्यांचा बरा गेला. ती आपली गादी परत घेऊन आली नाही, त्यानंही विषय काढला नाही, पण दोन खोल्यांमधलं दार उघडं राहू लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं म्हणून मोजे बंद झाले. सकाळी मलम लावताना ती डोळे मिटून विचारायची, "आता कुठं हाये हात?"

"टाचेवर."

"बरं."

"आता घोट्याजवळ."

"हां, तिथं थोडं समजते."

घोट्याजवळ तो जरा जास्त वेळ हात ठेवायचा. जुनी ओढ त्याच्या मनात परत आली नाही. गेली असंही नाही. ती कुठंतरी बाजूला उभी होती आणि इथलं काम वेगळं होतं.

क्वार्टरच्या लाइनीत मात्र त्याचं नाव झालं. "बायकोचे पाय धुते माणूस, लाज नाही बाळगत," असं लोक बोलायचे. भीमजयंतीच्या कार्यक्रमात एका वक्त्यानं समतेचं उदाहरण म्हणून त्याचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. अश्वजित मागच्या रांगेत बसला होता, रुपाली बायांमध्ये. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती पदराआड हसू दाबत होती. त्या मंडपात त्या दोघांनाच माहीत असलेली ती एक गोष्ट होती, आणि त्या क्षणी त्याला अजिबात एकटं वाटलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिचं हृदय बंद पडलं. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याशी बसली ती उठलीच नाही.

अश्वजित नोकरीतून निवृत्त झाला, क्वार्टर सोडलं आणि राजूरमध्येच दोन खोल्या घेऊन राहिला. उर्वशी नागपूरला बोलावते, तो चार दिवस जाऊन परत येतो. यवतमाळच्या डॉक्टरांकडं एकदा गेला होता, नुसतं बोलायला. ते दुसरीकडं बदलून गेल्याचं कळलं. नवीन डॉक्टरांचा नंबर घ्यायचा का असं खिडकीतल्या बाईनं विचारलं, तर नको म्हणाला. पहिल्यापासून सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

मागच्या महिन्यात धनसिंग त्याच्याकडं आला होता. तोही आता निवृत्त, पुसदकडं आपल्या तांड्यावर राहतो, कॉलरीच्या ऑफिसात काही काम असलं की येतो. चहा झाला. धनसिंगनं घसा साफ केला.

"बाबू, एक गोष्ट बोलतो, रागावू नको. वणीत तुमच्या समाजाची एक बाई हाये. शाळेत शिपाई होती, नवरा वारला, पोरं मोठी झाली. चांगली बाई हाये. तू असा किती दिवस एकटा राहशील?"

अश्वजित हसून नाही म्हणाला. धनसिंग ऐकेना. "काहून नाही? कारण तं सांग."

कारण होतं. पुन्हा कोणाला फसवायचं नाही, आणि आधी सगळं सांगायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं. सांगायची सुरुवात कुठून तरी व्हायला हवी होती, आणि समोर तर सगळ्यात जुना दोस्त बसला होता. अश्वजितनं कप खाली ठेवला.

"धनसिंग, माहं कसं हाये... बायांच्या पायाचं मले..."

तो थांबला. शब्द तोंडाशी आला होता. धनसिंगनं त्याच्याकडं पाहिलं आणि स्वतःचेच डोळे पुसले. त्यानं पुढं होऊन अश्वजितच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"समजलं रे बाबू. नको बोलू. वहिनीच्या पायाचं तू लय पाह्यलं. ते धुणं, ते पट्ट्या... दुसऱ्या कोणी केलं नसतं. कोणाचा पाय पाह्यला की तेच आठवत असन तुले."

अश्वजितनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"हो," तो म्हणाला.

"जाऊ दे मंग. मी त्या बाईले नाही म्हणून सांगतो."

थोडा वेळ ते पेन्शनचं बोलले, धनसिंगच्या नातवाच्या शाळेचं बोलले. वणीच्या गाडीची वेळ झाली तसा अश्वजित त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेला. गाडी आली, धनसिंग चढला, खिडकीतून हात हलवला. फाट्यावर कोळशाचे ट्रक एकामागून एक जात होते. धूळ बसेपर्यंत अश्वजित रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि मग घरी जाऊन भात टाकायचा म्हणून निघाला.